कॅम्पातला पहिला रमजान

यंदाही सेहरीला मला कुणी उठवावे लागत नाही. मशिदीतून पहिली हाक येण्याआधीच डोळे उघडतात. घरातले हसतात. म्हणतात, ‘आखातातली सवय अजून गेली नाही.’ सवय आखातातली खरी, पण ती मला लावली साताऱ्याकडच्या एका वेल्डरने. तो मुसलमान नव्हता. पंढरीचा माळकरी होता. वयाने आमच्यापेक्षा मोठा, म्हणून सगळा कॅम्प त्याला ‘मामा’ म्हणायचा.

आज त्याच्याविषयी लिहायचे आहे, आणि माझ्या एका चुकीविषयीही. रमजान हा वर्षाचा हिशेब तपासायचा महिना. मग हा जुना हिशेबही एकदा मांडलेला बरा.

पाऊस मागे टाकून

जून २०१३. वाशिष्ठीकाठच्या आमच्या गावात मृगाचा पाऊस सुरू झाला होता. चिखलातून बॅग सांभाळत एसटी गाठली आणि मुंबईला आलो. आयटीआय झालेला, फिटरचा दाखला हातात, चिपळूणच्या बाजूला दोन-तीन कारखान्यांत कंत्राटी काम केलेले. मुंबईतल्या एजंटाला द्यायला नव्वद हजार लागले. त्यातले निम्मे आईच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले होते. आईने त्या काढून देताना एवढेच म्हटले, “सोडवून आणशील तेव्हा आणशील. तू नीट जा.”

कोकणातल्या मुसलमान घरांना हे जाणे नवीन नाही. आजोबा-पणजोबांच्या पिढीतली माणसे मुंबईच्या गोदीत आणि आगबोटींवर खलाशी म्हणून गेली. काही त्याही आधी आफ्रिकेला पोचली. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती शंभराहून अधिक वर्षांची आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामे निघाली आणि गावागावांतले तरुण तिकडे वळले. गंमत अशी, की १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातात वापरण्यासाठी खास वेगळ्या नोटा काढल्या होत्या. कुवेत, बहारीन, दुबई या बाजारांत तेव्हा रुपया चालायचा. पुढे त्या देशांनी आपापली नाणी आणली, आणि त्यांचे दिनार-दिरहम मिळवायला आपण जाऊ लागलो. आमच्याकडचे चिरेबंदी बंगले, मशिदींचे नवे मिनार, शाळांच्या इमारती यांत त्या पैशाचा वाटा मोठा आहे. पण तो पैसा मिळवणारा माणूस तिथे कसा राहतो, हे बंगल्याकडे बघून कळत नाही. मलाही कळले नव्हते.

दम्मामचा विमानतळ क्षेत्रफळाने जगातला सर्वांत मोठा मानला जातो. आम्ही उतरलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. दाराबाहेर पाऊल टाकले आणि भाताच्या टोपावरचे झाकण काढल्यावर येते तशी वाफ तोंडावर आली. चष्म्यावर धुके जमले. रात्री दोन वाजता एवढा उष्मा असेल तर दुपारी काय, असा विचार मनात आला. शेजारच्या रांगेतला एक उंच, सावळा माणूस मोठ्याने म्हणाला, “आयला, हितं सूर्य मावळतो का न्हाई?” परक्या मुलखात कानावर पडलेली ती पहिली मराठी. तोच मामा.

भिंत

बसने आम्हांला जुबैलच्या दिशेने नेले. जुबैल पूर्वी मासेमारीचे आणि मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचे लहानसे बंदर होते. १९७५ मध्ये सौदी सरकारने त्यासाठी खास आयोग नेमला आणि तिथे उद्योगनगरी उभी केली. आता रात्रीच्या आकाशात मैलोन्‌मैल दिवे आणि चिमण्यांवरच्या ज्वाळा दिसतात. बसमधले आम्ही पंचवीस जण खिडकीला नाक लावून बघत होतो. मग दिवे मागे पडले, रस्ता अंधारात शिरला आणि एका लांबलचक भिंतीसमोर बस थांबली. लोखंडी फाटक उघडले, आम्ही आत गेलो, फाटक बंद झाले.

तो आमचा कॅम्प. पत्र्याच्या केबिनींच्या रांगा, प्रत्येक खोलीत वरखाली पलंग, सहा माणसे, एक एसी. तो बंद पडला की खोलीची भट्टी व्हायची आणि चालू असला की ट्रॅक्टरसारखा आवाज करायचा. दारात सहा जोड सेफ्टी बूट. पलंगाभोवती प्रत्येकाने चादरीचा पडदा लावलेला. त्या पडद्याच्या आत जे तीन फूट बाय सहा फूट, तेच आपले घर. आंघोळीला रांग, गॅसला रांग, शुक्रवारी शहरात जाणाऱ्या एकुलत्या बसला रांग. मेस तीन होत्या. एक केरळी, एक उत्तर भारतीय, एक फिलिपिनो. मराठी माणसाने कुठल्या मेसमध्ये जायचे, यावर मामाने पहिल्याच दिवशी निकाल दिला, “जिथं डाळ घट्ट असंल तिथं.”

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट ऑफिसात जमा झाले. करारावर बघितले, तर फिटरच्या जागी ‘हेल्पर’ लिहिलेले. पगार बोललेल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. विचारले, तर उत्तर आले की तीन महिने काम बघू, मग ठरवू. तिथल्या कायद्यात तेव्हा पहिले नव्वद दिवस चाचणीचे असत, आणि इकामा म्हणजे राहण्याचा परवाना हाती येईपर्यंत माणसाला स्वतःचे असे काही नसते. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही आलात तो मालक, तुम्हांला ‘खुरूज’ लावू शकतो. खुरूज म्हणजे परतीचा शिक्का. आईच्या पाटल्या सोनाराकडे असताना हा शब्द ऐकला की पोटात गोळा यायचा.

दोन आठवड्यांनी मला पाइपच्या कामासाठी एका दुसऱ्या कंपाऊंडमध्ये नेले. तिथे कंपन्यांचे साहेब कुटुंबासह राहत. भिंत तिथेही होती, आमच्यापेक्षा उंच. वर तारा, फाटकावर सिमेंटचे अडथळे आणि पहारा. मे २००३ मध्ये रियाधला परदेशी लोकांच्या वसाहतींवर हल्ले झाले, त्यानंतर हा बंदोबस्त वाढला होता. आत मात्र हिरवळ, गुलमोहर, पोहण्याचा तलाव, सायकल चालवणारी मुले. सगळे पाणी समुद्राचे, खारेपण काढून गोडे केलेले. अशा वसाहतींची सुरुवात तिथल्या तेलाइतकीच जुनी आहे. १९३८ मध्ये दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीला भरपूर तेल लागले. त्या सुमारास अमेरिकन कंपनीने धहरानला आपल्या माणसांसाठी कुंपणाच्या आत गाव वसवले, आणि कामगार बाहेर बरॅकीत राहिले. पंचाहत्तर वर्षांनी मी जे बघत होतो ते त्याचेच पुढचे रूप होते. एक भिंत आतल्यांना जपण्यासाठी असते, दुसरी आतल्यांना मोजण्यासाठी. आमच्या फाटकावरचा पहारेकरी रोज रात्री आम्हांला मोजायचा.

चांद तिकडचा, चांद इकडचा

१० जुलैला तिथे पहिला रोजा झाला. गावाकडे पहिला रोजा दुसऱ्या दिवशी. आदल्या रात्री फोनवर आईला ‘रमजान मुबारक’ म्हटले, तर ती म्हणाली, “अरे, आमच्याकडे अजून शाबानच आहे.” एका घरात दोन तारखा, ही गोष्ट मला फार लागली. घड्याळही वेगळे. गावात मगरिबची अजान होऊन आई भांडी घासायला बसलेली असायची, तेव्हा माझा रोजा सुटायला पावणेदोन तास बाकी असायचे.

प्रवासात असणाऱ्या माणसाला रोज्याची सवलत आहे. रोजा सोडून तो नंतर भरून काढता येतो. जुलैच्या उन्हात, पंचेचाळीस अंशांत मला ही सवलत वारंवार आठवायची. मी घरापासून अडीच हजार किलोमीटरवर, मग मी मुसाफिर नाही का? आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. आमच्यात नियम स्पष्ट आहे. एका जागी चार दिवस राहायचे ठरवून गेलात की तुम्ही मुसाफिर राहत नाही, मुक्कामी होता. मी तर दोन वर्षांच्या करारावर आलेलो. म्हणजे धर्माच्या हिशेबाने मी केव्हाच तिथला झालो होतो. मन मात्र अजून चिपळूणच्या स्टँडवर उभे होते.

पहिल्या दिवशी थकव्याने सेहरी चुकली. पहाटे तीन वीसच्या सुमाराला फजरची वेळ, आणि मी जागा झालो तो थेट पावणेचारला. बिनापाण्याचा पंधरा तासांचा रोजा. अकरा वाजता कामावरून परतलो तेव्हा चक्कर येऊन दारातच बसलो. मामाने ओल्या पंचाने तोंड पुसले आणि विचारले, “रात्री खाल्लं न्हाईस व्हय?” दुसऱ्या रात्री अडीच वाजता चादरीच्या पडद्यातून एक हात आत आला आणि पायाचा अंगठा हलवू लागला. “उठा पावणं, जेवायची येळ झाली तुमची.” तो हात त्या महिन्यात एक दिवसही चुकला नाही. त्याच्या घरी गुरे होती, पहाटेची जाग अंगवळणी होती म्हणे. पण अडीच म्हणजे पहाट नव्हे. स्वतःची झोप मोडून माणूस उठायचा, हे मला समजत होते.

पाण्याची चावी

रमजानात तिथल्या कायद्याप्रमाणे मुसलमान कामगाराला दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. शिवाय उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम बंद. आम्ही पहाटे पाचला लागून अकराला सुटायचो. मामा, तेलंगणातले दोघे आणि फिलिपिनो यांना मात्र बारापर्यंत, आणि तीननंतर पुन्हा. आमचे उरलेले काम साहजिकच त्यांच्या अंगावर पडायचे. मी एसीत झोपलेला असायचो, तेव्हा मामा माझ्या वाटणीचे फ्लँज आवळत असायचा. याबद्दल तो कधी बोलला नाही.

दुसरी गोष्ट अशी, की त्या देशात रमजानच्या दिवसा उघड्यावर खाणेपिणे कुणालाच चालत नाही, मुसलमान असो वा नसो. हॉटेले मगरिबपर्यंत बंद. आमच्या साइटवर बिगरमुस्लिमांना पाणी पिण्यासाठी कडेला एक केबिन ठेवली होती. तिची चावी आमच्याच कंपनीच्या टाइमकीपरकडे असायची.

सातव्या रोज्याला टाइमकीपर आला नाही. केबिनला कुलूप. सकाळी सहाला मी ते कुलूप डोळ्यांनी बघितले. मामाने दोनदा जाऊन कडी हलवून बघितली. साडेदहापर्यंत त्याने कळ काढली. हातात पेटलेला होल्डर, अंगावर चामड्याचे जाकीट, तोंडावर काच. शेवटी पाइपच्या थप्पीमागे जाऊन त्याने बाटली तोंडाला लावली. नेमका तेव्हाच मोठ्या कंपनीचा सेफ्टीवाला तिकडून आला. आरडाओरडा झाला, मामाचा गेट पास काढून घेतला, आणि ‘खुरूज’ हा शब्द मी दहा पावलांवरून ऐकला.

फोरमनने आम्हां सगळ्यांना केबिनमध्ये उभे केले. पाण्याची खोली बंद होती असे ठरले तर दोष आमच्या कंपनीवर येणार होता. तो विचारत गेला, “केबिन उघडी होती ना?” सगळे बुटांकडे बघू लागले. मग तो माझ्याकडे वळला. “तू सांग. तू रोजेदार आहेस, खोटे बोलणार नाहीस.”

मी म्हणालो, “मला माहीत नाही. माझे लक्ष नव्हते.”

हे वाक्य आजही मला जसेच्या तसे आठवते. रोजा पोटाचा असतो तितकाच जिभेचाही असतो, हे लहानपणी मदरशात सर्वांत आधी शिकवतात. माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि जिभेवर खोटे होते. इकामा अजून हाती यायचा होता, नव्वद दिवसांतले तीसच झाले होते, पाटल्या सोनाराकडे होत्या. कारणे खरी होती. पण ती कारणे मामालाही होती. त्याची एक मुलगी लग्नाची होती आणि डोक्यावर माझ्यापेक्षा मोठे कर्ज.

आणखी एक गोष्ट मला त्या केबिनमध्ये कळली. जन्मापासून मी आमच्या तालुक्यात थोड्यांपैकी एक होतो. बहुसंख्यांच्या मर्जीचा अंदाज घेत बोलायची सवय आम्हांला लहानपणापासून असते. इथे पहिल्यांदाच पंचांग माझे होते, कामाची वेळ माझ्या सोयीची होती, कायदा माझ्या बाजूचा होता. ‘आपल्यातले’ असण्याचा फायदा काय असतो, ते मला मिळाले होते. त्या फायद्यातले एक खरे वाक्य मामाला द्यायचे होते, तेवढे मी देऊ शकलो नाही.

मामाचे तीन दिवसांचे पैसे कापले. पास परत मिळेपर्यंत कॅम्पात बसून राहायचे, परतीचे नंतर ठरेल, असे सांगितले. त्या संध्याकाळी रोजा सोडताना खजूर घशाखाली उतरेना.

रात्री अडीचला पडदा हलला. अंगठा हलला. “उठा पावणं.”

मी उठून बसलो आणि म्हणालो, “मामा, कुलूप होतं. मी सकाळीच बघितलं होतं.”

“ठावं हाय मला,” तो म्हणाला. “तुज्याकडंच बगत हुतो मी. आता ऊठ, येळ जाईल.”

त्याने मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. सेहरी करून मी फजरला गेलो. आमच्या कॅम्पातल्या नमाजाच्या खोलीत स्टोअरमधला एक वयस्क सुदानी इमामत करायचा. नमाज झाल्यावर मी त्याला गाठले आणि कॅम्पातल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळे सांगितले. त्याने तसबी खाली ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, “चावी कोणाकडे होती?” मग म्हणाला, “रोजा तुझा आहे. त्याचे पाणी त्याचे आहे. चल.”

त्या दिवशी काम सुरू होण्याआधी आम्ही दोघे मुदीरसमोर, म्हणजे मॅनेजरसमोर उभे होतो. म्हाताऱ्याने अरबीत काय सांगितले ते सगळे मला समजले नाही. ‘मफ्ताह’ म्हणजे चावी, एवढे ओळखता आले. मला विचारल्यावर मी जे बघितले ते सांगितले, आणि काल खोटे बोललो हेही सांगितले. माझे पाय थरथरत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. फोरमन नंतर चार महिने माझ्याशी धड बोलला नाही आणि फिटरची जागा मला वर्षभर उशिरा मिळाली. मामाचा पास दोन दिवसांनी परत आला. कापलेल्या तीन दिवसांपैकी दोन दिवसांचे पैसे मिळाले, तिसऱ्याचे नाही. आणि पाण्याच्या केबिनची चावी टाइमकीपरच्या खिशातून निघाली, दाराशेजारच्या खिळ्यावर टांगली गेली.

दहावा रोजा, आषाढी एकादशी

त्या वर्षी आषाढी एकादशी १९ जुलैला आली. शुक्रवार, आमच्या सुटीचा दिवस. माझा दहावा रोजा. उतरल्यानंतर दोन आठवड्यांतच त्या देशाने गुरुवार-शुक्रवारची सुटी बदलून शुक्रवार-शनिवार केली होती, पण आमच्यासारख्यांना शुक्रवार हा एकच दिवस मिळायचा.

मामा दरवर्षी वारीला जाणारा. निदान वाखरीपासून तरी चालायचाच. गळ्यातली तुळशीची माळ एकदा घातली की काढायची नसते, पण त्याने ती मुंबईच्या विमानतळावर काढून पाकिटात ठेवली होती. तिथे इतर धर्मांची पूजाअर्चा उघडपणे करता येत नाही, आणि सामानात काही सापडले तर कामच जाईल, असे एजंटाने भरवून दिले होते. माळ काढल्याचे दुःख त्याने एकदाच, तेही हसत बोलून दाखवले होते. “इठोबा समजून घील. त्यो बी इटंवर उभाच हाय, त्याला कुटं घर हाय?”

त्या दिवशी त्याचा उपास होता. संध्याकाळी खोलीतले बाकीचे बाहेर गेले तेव्हा त्याने कपाट उघडले. आतल्या बाजूला विठ्ठलाचे हाताएवढे चित्र चिकटवलेले. माळ काढून गळ्यात घातली आणि कपाटाच्या दारासमोर बसला. मी माझ्या पलंगावरून उठून दाराजवळच्या पलंगावर येऊन बसलो. कुणी आले तर आधी माझ्याशी बोलेल एवढाच विचार होता. त्याने हळू आवाजात काही म्हटले. एसीच्या आवाजात शब्द कळले नाहीत. बाहेर ऊन उतरले होते.

मगरिबची अजान झाली. सव्वासहा-साडेसहाचा सुमार असेल. मी खजूर पुढे केला. “तुम्हांला चालतो ना मामा, उपासाला?”

“खजूर चालतोय. ताक बी चालतंय.” मेसमधून आणलेल्या ‘लबन’च्या बाटलीला तो ताकच म्हणायचा, आणि ते बरोबरच होते. एका वर्तमानपत्रावर खजूर, केळी, लबन. मी रोजा सोडला, त्याने एकादशीचा फराळ केला. मग मी नमाजाला गेलो. परत आलो तेव्हा माळ पुन्हा पाकिटात गेली होती.

त्या महिन्यात मशिदींबाहेरच्या इफ्तारच्या तंबूंतही आम्ही जायचो. सावलीत अंथरलेल्या लांब प्लास्टिकवर शेकडो माणसे बसतात. पाणी, खजूर, भात, फळे कुणीतरी पाठवलेली असतात, कुणी ते कळत नाही. तिथे कुणी कुणाला धर्म विचारत नाही. जो बसला तो पाहुणा. मामा भातातले मांस मला द्यायचा आणि माझी केळी घ्यायचा. त्याच देशात दिवसा पाण्यासाठी माणूस थप्पीमागे लपतो आणि संध्याकाळी तोच माणूस पंगतीत मानाने बसतो, ही दोन्ही चित्रे मी बघितली. दोन्ही खरी आहेत. एकच सांगणारा अर्धे सांगतो.

८ ऑगस्टला ईद झाली. गावाकडे दुसऱ्या दिवशी. नमाजाहून आलो तर मामाने मेसवाल्याच्या हातापाया पडून शेवया मिळवल्या होत्या. त्याने केलेला तो शीरखुर्मा म्हणजे गूळ घातलेली शेवयांची खीर होती. खोलीतल्या सहाही जणांनी भांडे पुसून खाल्ले.

मुसाफिर

दोन वर्षांसाठी गेलो होतो, अकरा वर्षे राहिलो. पाटल्या तिसऱ्या वर्षी सोडवल्या. मामा २०१६ मध्ये मुलीचे लग्न करून कायमचा परत गेला. आजही आषाढीला त्याचा फोन येतो आणि रमजानच्या पहिल्या रात्री माझा जातो. कधी कधी तो विचारतो, “अडीचला कोण उठवतं आता?”

मधल्या काळात तिथे बरेच बदलले. बायका गाड्या चालवू लागल्या. २०२१ पासून नोकरी बदलताना मालकाची परवानगी लागण्याची अट सैल झाली. नव्याने जाणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो, करार स्वतः वाचा, त्याची प्रत घरी ठेवा, एजंटाच्या तोंडी शब्दावर दागिने गहाण टाकू नका. आणि खोलीत जो माणूस मिळेल, त्याची भाषा, जात, धर्म कुठलाही असो, त्याच्या सणाची तारीख पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत एक वाटसरू आहे. गरिबांच्या यादीत वेगळे नाव देऊन त्याला बसवले आहे. याचे कारण मला कॅम्पात कळले. त्याच्या घरी सगळे असते. शेत, गुरे, माणसे, इज्जत, गावातले नाव. जिथे तो उभा असतो तिथे मात्र त्याच्या हाताशी काही नसते, आणि त्याच्या बाजूने बोलणारे कुणी नसते. चार दिवसांत माणूस मुक्कामी होतो, हा नियम नमाज-रोज्यापुरता ठीक आहे. पण माणूस मुसाफिर राहतो तो भोवतालची माणसे त्याला आपला म्हणेपर्यंत.

यंदा रमजान आंब्याच्या हंगामात आला आहे. आमच्याकडे कलमांच्या बागांतून नेपाळी गडी राखणीला आणि काढणीला आलेले आहेत. गडग्याच्या आत, पत्र्याच्या खोपीत राहतात. त्यांचे मोबाइल, त्यांची भांडी, दारात काढून ठेवलेले बूट बघितले की मला आमची खोली आठवते. आता भिंतीच्या बाहेरच्या बाजूला मी आहे. गाव माझे आहे, भाषा माझी आहे, बाजारातली ओळख माझी आहे. ते काय खातात, आजारी पडले तर कुठे जातात, त्यांचा सण कधी असतो, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? हा प्रश्न मी मशिदीतून बाहेर पडणाऱ्यांनाही विचारतो आणि देवळातून बाहेर पडणाऱ्यांनाही.

इफ्तारीचे ताट मगरिबच्या आधी आमच्या घरातून खोपीत जाते. त्यात विशेष काही नाही, बऱ्याच घरांतून जात असेल. दुसरी एक गोष्ट मात्र मी नेमाने करतो. बागेतल्या विहिरीच्या पंपघराला पूर्वी कुलूप असायचे आणि किल्ली आमच्या घरात. आता किल्ली बाहेर खिळ्यावर असते. बायकोने विचारले, चोरी झाली तर? म्हटले, होऊ दे. पाण्याचीच होईल ना.